शेवटचा हात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्याकडचा रंगारी काम सांगताना म्हणतो, 'एक हात मारून झालाय, दुसरा उद्या मारू.' थर म्हणत नाही, लेप म्हणत नाही, हात म्हणतो. हा शब्द मी जन्मभर ऐकत आलो, पण त्यातला हात कधी माझा नव्हता. रंग लावायचा तो दुसऱ्यानं. आपण खुर्ची टाकून बसायचं आणि 'तिकडं कोपऱ्यात जरा राहिलंय बघा' एवढं म्हणायचं, अशी आमची रीत. ती मोडली २०२४च्या ऑक्टोबरात, आणि तीही घरी नव्हे, जपानमधल्या ओकायामा प्रांतातल्या एका डोंगराळ गावात. तिथल्या एका जुन्या लाकडी घराची डागडुजी संपत आली होती. शेवटचा हात द्यायचा राहिला होता, आणि त्या कामात मी पाच आठवडे होतो.

घर माझ्या भाच्याचं. धाकट्या बहिणीचा हा मुलगा ओकायामा शहरात एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरी करतो. लग्नही त्यानं तिथल्याच मुलीशी केलं. शहरात फ्लॅट घेण्याऐवजी या दोघांनी दीड तासावरचं, कित्येक वर्षं कुलूप असलेलं घर घेतलं, तेही एखाद्या जुन्या मोटारीच्या किमतीत. तिकडे अशी घरं पडून आहेत. २०२३ सालच्या सरकारी पाहणीत साऱ्या देशात सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली; शंभरांत जवळजवळ चौदा. मुलं शहरात गेली, म्हातारी माणसं वारली, वारसांना घर नको आणि पाडायचा खर्चही नको. कोकणातल्या श्रोत्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. मलाही वाटलं. त्याकडे मी नंतर येतो.

घर साधारण शंभर वर्षांचं. चार खोल्या एकमेकींना चिकटून. मधली सरकती दारं काढून ठेवली की सगळं मिळून एक दालन. जपानी लिपीत शेताचं जे अक्षर आहे, चौकटीत अधिकाचं चिन्ह, तसा हा नकाशा असतो आणि त्या अक्षरावरूनच तो ओळखला जातो. एका बाजूला मातीच्या जमिनीचं स्वयंपाकघर, बाहेरच्या अंगाला लाकडी फळ्यांची अरुंद पडवी. तिला 'एनगावा' म्हणतात. भिंती म्हणजे चक्क आपला कूड. बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यावर भाताचा पेंढा कुजवून मळलेली माती. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, दगडावर नुसते टेकलेले. त्यांतल्या चार खांबांचे बुंधे वाळवीनं खाल्ले होते. सुतारानं घर जॅकवर उचलून कुजका भाग कापला आणि खालून नव्या लाकडाचा बुंधा असा खाचेत बसवला, की सांध्यात पोस्टकार्डाची कडसुद्धा शिरणार नाही. या जोडाला तिकडे 'मुळाला जोड देणं' अशा अर्थाचा शब्द आहे. जपानमधल्या लाकडी बांधकामाच्या या कसबांचा युनेस्कोनं २०२० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तो उगाच नव्हे.

मी पोचलो तेव्हा सुताराचं काम संपलं होतं. कौलं बसली होती, वायरिंग परवानाधारक माणसानं करून दिलं होतं, न्हाणीघर नवं झालं होतं. राहिलं होतं ते असं: सोळा दारांना कागद लावणं, दोन खोल्यांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा, सगळ्या लाकडाला रंग आणि जमिनीच्या फळ्यांना चकाकी. भाच्याचे पैसे तोवर संपत आले होते, हे एक कारण. दुसरं सुतारबुवांनी दिलं. वय सत्तरीच्या पुढचं, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "कागद लावायला मी माणूस पाठवीन, पण मग पुढच्या वर्षी फाटला की मलाच फोन कराल. त्यापेक्षा शिकून घ्या." यात तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. त्यांना खरंच फोन नको होता.

मी क्योतो आणि नारा बघायच्या बेतानं गेलो होतो. क्योतो दीड दिवसात उरकलं. बाकी सारे दिवस गुडघ्यांवर गेले.

आधी कागदाविषयी सांगतो, कारण मला जमलेलं एकमेव काम ते. 'शोजी' म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या जाळीवर एका बाजूनं कागद चिकटवलेलं सरकतं दार. काच नाही, पडदा नाही. हा कागद पिवळा पडतो, फाटतो, म्हणून वर्षअखेरीच्या साफसफाईत तो बदलायचा अशी जुनी चाल आहे. लहान भोक पडलं तर फुलाच्या आकाराचं ठिगळ लावतात. आणि कागद बदलायच्या दिवशी घरातल्या पोरांना जुन्या कागदात बोटं खुपसायची मुभा असते. आमच्या घरात पोरं नव्हती, म्हणून तो कार्यक्रम भाच्यानं आणि मी पार पाडला. पन्नाशी उलटलेल्या माणसानं सोळा दारांत बोटं खुपसावीत हे बरं दिसत नाही, पण फार बरं वाटतं.

मग शेजारच्या आजी आल्या आणि त्यांनी सूत्रं हाती घेतली. जुन्या कागदावर पट्ट्यांच्या रेषेत पाणी फिरवायचं आणि थांबायचं. घाई केली की कागदाचे तुकडे पडतात आणि लाकडाचे तंतू निघून येतात. दहा मिनिटं थांबलं तर अख्खा कागद सालीसारखा सुटतो. मग जाळी धुवायची, सावलीत वाळवायची. ओलीवर कागद लावला तर डाग उमटतात. हल्ली दुकानात एका दाराला पुरेल एवढा अखंड कागद मिळतो, इस्त्रीनं चिकटणाराही मिळतो. आजींना तो मंजूर नव्हता. त्या जुन्या पद्धतीच्या, सुमारे २८ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांची गुंडाळी घेऊन आल्या होत्या. ही पट्टी खालून वर लावत जायची. का, ते त्यांनी हातवारे करून सांगितलं आणि दुभाष्याची गरज पडली नाही. आपण कौलं शाकारतो तसंच. वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीवर आली की सांध्यावर धूळ बसत नाही.

आणि खळ! ट्यूबमधून आलेली, पण शेवटी खळच. आमच्या गावात मोहर्रमचे ताबूत व्हायचे. कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, आणि मोरचूद घातलेली गव्हाच्या पिठाची खळ. तेच हात दिवाळीत आळीतल्या पोरांबरोबर आकाशकंदिलाला लागायचे. खळ पातळ असावी, ब्रशनं फासू नये तर टेकवत न्यावी, कागद ओढू नये, एवढं माझ्या बोटांना चाळीस वर्षांनीही आठवत होतं. आजींनी माझ्याकडे बघून सुनेला काहीतरी विचारलं. भाचेसून हसून म्हणाली, "मामू-सान, त्या विचारतायत, तुमच्याकडेही अशी दारं असतात का?" मी म्हटलं, दारं नाहीत, पण ताबूत आहेत. तिनं त्याचं भाषांतर काय केलं, देव जाणे.

पहिल्या दारावर सुरकुत्या राहिल्या. मी खट्टू झालो. आजींनी त्यावर फवाऱ्यानं पाण्याचं धुकं मारलं आणि घरी निघून गेल्या. सकाळी पाहतो तो कागद डफासारखा ताणलेला. त्या रात्री आम्ही आत दिवे लावून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. अंधारात नुसता एक मोठा आकाशकंदील जमिनीवर ठेवलेला.

तानिझाकी नावाचे मोठे जपानी कादंबरीकार होऊन गेले. सावल्यांच्या सौंदर्यावर त्यांनी १९३३ साली एक निबंध लिहिला, तो जगभर वाचला जातो. पण त्याची सुरुवात सौंदर्यानं होतच नाही. होते ती घर बांधताना झालेल्या कटकटींनी: विजेच्या तारा कुठं लपवायच्या, दाराला कागद लावायचा की काच. कागद आणि काच दोन्ही लावून खर्च दुप्पट झाला आणि दिसायला धड हे ना ते, अशी त्यांची तक्रार आहे. मी हा निबंध तरुणपणी इंग्रजीतून वाचला होता तेव्हा ही पानं भराभर उलटली होती. भाच्याच्या घरात इंटरनेटची काळी वायर खांबावरून कशी न्यायची यावर नवराबायकोचा दोन दिवस अबोला झाला, तेव्हा मला ती पानं कळली.

गिलाव्याबद्दल फार सांगत नाही, कारण तिथं माझी फजितीच झाली. 'शिक्कुई' म्हणजे विरवलेला चुना, त्यात चिकटपणाला समुद्री शेवाळाची खळ आणि भेगा पडू नयेत म्हणून तागासारखे तंतू. आपल्याकडे चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर घालत, तिकडे शेवाळ. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो हळूहळू पुन्हा दगड होतो, हे मात्र दोन्हीकडे सारखं. हल्ली तयार कालवलेला बादलीत मिळतो. दीड-दोन मिलिमीटरचे दोन हात. थापीची पुढची कड केसभर उचलून धरायची. हे 'केसभर' मला शेवटपर्यंत सापडलं नाही. शिवाय एका भिंतीला आधी लावायचा अस्तराचा हात आम्ही आळसानं गाळला. शंभर वर्षांच्या चुलीचा धूर त्या मातीत मुरला होता. तिसऱ्या दिवशी पांढऱ्याशुभ्र भिंतीवर चहा सांडल्यासारखे पिवळे ओघळ वर आले. तिथं आता कपाट आहे.

रंगाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी.

त्या भागातल्या घरांच्या लाकडाला जो तांबडा रंग असतो, त्याला 'बेंगारा' म्हणतात. हा शब्द ऐकून तुमचे कान टवकारले असतील तर बरोबर आहे. तो 'बंगाल'वरून आला. बंगालकडून येणारी तांबडी माती म्हणून डच व्यापाऱ्यांच्या तोंडून हे नाव जपानी भाषेत गेलं. म्हणजे आपली काव, आपला गेरू. पुढे जपाननं हा रंग स्वतः करायला घेतला, आणि त्याचं मोठं केंद्र भाच्याच्या गावापासून फार दूर नाही. फुकिया नावाचं डोंगरावरचं ते गाव आम्ही एका रविवारी पाहून आलो. तिथं तांब्याची खाण होती. खाणीतून निघणाऱ्या दगडापासून हिराकस काढायचे, ती भाजायची आणि पुन्हा पुन्हा पाण्यात धुवायची. अठराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत हा धंदा चालला. चिनीमातीच्या भांड्यांवरचा आणि लाखेच्या कामातला तांबडा रंग इथून जायचा. व्यापाऱ्यांनी त्याच पैशातून आख्ख्या रस्त्याला तांबडी घरं बांधली. १९७७ साली सरकारनं ते गाव जपणुकीखाली घेतलं. संध्याकाळच्या उन्हात तो रस्ता पाहिला आणि आमच्या घराच्या जोत्याला आई दर वर्षी काव लावायची, ते आठवलं.

ही काव लाकडावर टिकावी म्हणून ती कालवतात 'काकिशिबू'त. काकी म्हणजे पर्सिमॉन, टोमॅटोसारखं दिसणारं झाडाचं फळ. कच्चं असताना भयंकर तुरट. ही हिरवी फळं कुटून, रस काढून आंबवतात आणि वर्षानुवर्षं मुरू देतात. त्याचा वास कसा असतो हे नभोवाणीवरून सांगता येणार नाही हे तुमचं भाग्य. आजकाल बिनवासाचाही मिळतो. आमच्या सुतारबुवांना तोही मंजूर नव्हता. या रसाची गंमत अशी, की लावतो तेव्हा फिकट नारिंगी पाण्यासारखा दिसतो. रंग चढतो नंतर, उन्हानं आणि दिवसांनी. लावणाऱ्याला आपलं काम कसं झालं ते त्या दिवशी कळत नाही.

डब्यावर एक सूचना होती: लोखंड लावू नये. ती जपानीत होती.

स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामध्ये एक खांब होता. काजळीनं काळा झालेला, त्यावर आडव्या बारीक रेघा आणि पेन्सिलीची फिकट अक्षरं. आदल्याच दिवशी सुतारबुवा स्वतःच्या पेन्सिलीच्या खुणा घासून काढताना मी पाहिलं होतं. ह्याही त्यातल्याच, असं मी धरून चाललो. भाचा कामावर गेला होता, सून बाजारात. मी त्यांच्या हत्यारांतला बारीक लोखंडी तारेचा बोळा घेतला आणि तासभर तो खांब घासला. अक्षरं गेली, काजळी गेली, खालचं लाकूड मधासारखं निघालं. खूश होऊन मी त्याला निव्वळ काकिशिबूचा एक हात मारून ठेवला.

सकाळी त्या खांबावर शाई सांडल्यासारखे काळे ठिपके उठले होते. माझ्याआधी सून तिथं उभी होती. ती फक्त 'आ' म्हणाली आणि चहा ठेवायला निघून गेली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

भाच्यानं मग सांगितलं. त्या रेघा सुताराच्या नव्हत्या. या घरात वाढलेल्या पाच भावंडांची उंची दर वर्षी त्या खांबावर मोजली जायची. शेजारी नाव आणि साल. भावंडांपैकी आता एकटी धाकटी बहीण हयात, वय ऐंशीच्या घरात, कुराशिकी शहरात राहणारी. घर विकलं तिच्या पुतण्यानं, पण व्यवहाराच्या दिवशी ती आली होती आणि तिनं या दोघांकडे एकच मागणं केलं होतं, की तेवढा खांब राहू द्या. यांनी हो म्हटलं होतं. आणि पुढच्या रविवारी ती घर बघायला येणार होती.

श्रोतेहो, ठिपके का पडले ते मला लगेच कळलं, हे त्यातलं आणखी वाईट. माझे आजोबा मदरशात शिकवायचे, बोरूनं लिहायचे आणि शाई घरी करायचे. हिरडा लोखंडी कढईत उकळायचा, त्यात हिराकस घालायची. तुरट रस आणि लोखंड एकत्र आले की काळं होतं. जगातली कितीतरी हस्तलिखितं याच काळ्यात लिहिलेली आहेत. हिराकस भाजली तर काव, तुरट रसात घातली तर शाई. काव झालेलं लोखंड पुरतं भाजलेलं, त्याला रसाचं काही सोयरसुतक नसतं. बोळ्यातून झडलेल्या लोखंडाच्या कणांचं तसं नव्हतं. हे सगळं ज्याला पाठ, त्यानंच तो बोळा उचलला होता.

सुतारबुवा आले. त्यांनी खांबावरून अंगठा फिरवला आणि पिशवीतून एक बाटली काढली. ऑक्झॅलिक ॲसिड, सुतार लोक लोखंडाचे डाग त्यानं घालवतात. पुसलं की काळं जाईल, लाकूड पुन्हा मधासारखं होईल. भाचा तयार होता. सुनेनं मात्र बाटली खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "आधी त्या येऊ देत. हे त्यांनी बघितल्याशिवाय नको." मला वाटलं, ती मला शिक्षा देतेय. अजूनही मला त्याची पूर्ण खात्री नाही.

रात्री झोप येईना. मी एनगावावर येऊन बसलो. थोड्या वेळानं भाचाही आला.

आता ती कोकणातली गोष्ट. दापोली तालुक्यात आमचं वडिलार्जित घर होतं. मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कौलं. माणसं मुंबईत आणि आखातात, घराला कुलूप. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं आणि निम्मी कौलं घेऊन गेलं. दोन दिवसांनी या भाच्याचा जपानहून निरोप आला: 'मामू, कौलांचे पैसे मी पाठवतो, पाऊस लागायच्या आत शाकारून घ्या.' मी घरातला थोरला. मी कळवलं, आधी वाटण्या होऊ देत, मग बघू. मातीची भिंत ऊन सोसते, वारा सोसते. डोक्यावरचं छप्पर गेलं की दोन पावसाळ्यांत चिखल. वाटण्या अजून झालेल्या नाहीत. वाटायला आता जोतं आहे.

त्या निरोपाचा विषय भाच्यानं पुन्हा कधी काढला नाही. त्या रात्रीही नाही काढला. बराच वेळ गप्प बसून त्यानं एवढंच विचारलं, "मामू, आपल्या ओटीच्या खांबांना काय लावायचे?" मी म्हटलं, काजूच्या टरफलांचं तेल. "वास यायचा?" यायचा, म्हटलं, पण याच्याइतका नाही. मग तो झोपायला गेला. मी पहाटेपर्यंत बसलो, तिथल्याच नळावर वजू केली आणि आत येऊन नमाज पढलो. तातामीच्या कापडी काठावर पाय देऊ नये असा तिकडचा शिष्टाचार आहे. चटईची ती काळी किनार ओळीनं समोर गेलेली, जणू कुणी सफ आखून ठेवली होती. मागायचं ते मागितलं.

पुढचे दिवस मी जमिनीच्या फळ्या घासल्या. तांदळाचा कोंडा फडक्यात बांधून त्या पुरचुंडीनं घासायचं, कोंड्यातलं तेल फळीत जिरतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला कुणाच्या समोर पडायचं नव्हतं. हे काम तोंड खाली घालून करता येतं.

रविवारी बाई आल्या. पाठीत वाकलेल्या, हातात खोका. आधी सगळं घर फिरल्या. कागदाच्या दारांपाशी आजींशी गप्पा झाल्या, कपाट लावलेल्या भिंतीचं कौतुकही झालं. मग खांबापाशी. मी आधीच सुनेला बजावलं होतं, की हे मी केलं असं स्पष्ट सांग. तिनं सांगितलं. मीही मान झुकवून माफी मागितली.

बाई खांबाकडे बघत राहिल्या. तेव्हा माझ्याही ध्यानात आलं, की लोखंडाचा चुरा सगळ्यात जास्त भरला होता तो त्या कोरलेल्या रेघांत. ठिपके इकडेतिकडे होतेच, पण रेघा आता पूर्वीपेक्षा ठळक, शाईनं ओढल्यासारख्या काळ्या उमटल्या होत्या. नावं मात्र एकही उरली नव्हती. बाईंनी बोट टेकवत एकेक रेघ सांगायला सुरुवात केली: हा थोरला, ही ताई, हा पुन्हा थोरला. अगदी खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक रेघ होती. ती कुणाची, म्हणून सुनेनं विचारलं. कुत्र्याची, म्हणाल्या. त्याला दोघांनी धरून उभं केलं होतं.

खांद्याच्या उंचीवरच्या एका रेघेपाशी बोट थांबलं. ती स्वतःची की तिसऱ्या भावाची, हे त्यांना सांगता येईना. दोनदा वर गेल्या, दोनदा खाली आल्या. शेजारी नाव असतं तर प्रश्नच नव्हता. खोलीत कुणी बोललं नाही. शेवटी त्या माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या आणि सुनेला हसू आलं. "मामू-सान, त्या म्हणतात, तो भाऊ टाचा उचलून उभा राहायचा. ती रेघ त्याची असेल तर तशीही खोटीच आहे."

खोक्यात सोलून वाळवलेली पर्सिमॉन होती. तीच तुरट जात. सोलून दोरीला टांगली की महिन्याभरात गुळासारखी गोड होते. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. खिडकीतली बाटली सुतारबुवांना परत गेली, बूच न उघडता.

परत येऊन आता बरेच महिने झाले. २०२५च्या उन्हाळ्यात भाच्यानं फोटो पाठवले. काकिशिबूचा तो पाणचट नारिंगी हात आता काथासारखा गडद झालाय, त्यामुळे खांबावरचे ठिपके शोधावे लागतात. रेघाही पहिल्यासारख्या उठून दिसत नाहीत. सुनेनं त्यांच्याशेजारी बाईंनी सांगितलेली नावं पेन्सिलीनं लिहिली आहेत, एक जागा रिकामी ठेवून. एनगावाच्या फळ्यांना पावसाचा सपका लागतो, तिथला हात उडत चाललाय. 'दुसरा हात द्यायला कधी येता?' असं भाच्यानं खाली लिहिलं होतं.

जमेल तेव्हा येईन, असं मी कळवलंय. त्याआधी एकदा दापोलीला जाऊन यायचंय. ओटीचे दोन खांब अजून उभे आहेत. काजूचं तेल हल्ली कुठल्या कारखान्यात सुटं मिळतं, याची चौकशी चालू आहे.